सलिलचा फोन चालू ठेवायचा

मला रडू येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण आधी माझ्या डोळ्यांकडे बघायचा आणि मग चहाच्या कपाकडे. समोरच्या नेनेकाकू तर येता-जाता म्हणायच्या, "रडून घे गं देवयानी, मोकळी हो." रडणं म्हणजे काय नळ आहे, सोडला की आला? आणि आमच्या डोंबिवलीत नळसुद्धा सोडला की येतोच असं नाही.

माझा नवरा सलिल साळवी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सर्व्हिसला होता. गिऱ्हाइकांचे कॉम्प्रेसर बिघडले की ती ह्याला फोन करायची. मंगळवारी डबा घेऊन गेला, दुपारी जेवला, हात धुतले आणि बेसिनपाशीच खाली बसला. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचला नाही. डबा मात्र घरी आला. कोणीतरी धुऊन पाठवला होता.

फोनही आला. त्याच्या फोनचा कोड मला माहीत नव्हता. त्यानं लपवला नव्हता, मी विचारला नव्हता, एवढंच. तो चेहरा बघून उघडणारा फोन. हॉस्पिटलात माझ्या दिरानं, शौनकनं, कोणाकोणाला कळवायचं ते बघावं म्हणून तो सलिलच्या तोंडासमोर धरला. फोननं ओळखलं नाही. शौनकनं दादाचे केस नीट केले आणि परत धरला. मग तो बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन रडला. मी तिथेच फॉर्मवर सही करत होते. सहीसुद्धा नेहमीसारखी आली.

ह्या फोनचं चार्जिंगचं भोक पावसाळ्यात पाणी जाऊन बिघडलं होतं. वायर लावली तरी काही उपयोग व्हायचा नाही. सरळ दुरुस्तीला टाकायचा, तर ह्यानं एक पॉवर बँक आणली. साबणाच्या वडीएवढी, चपटी, लोहचुंबकवाली. फोनच्या पाठीला नेली की टक् करून चिकटायची आणि वायरीशिवाय चार्जिंग सुरू. काय कौतुक त्या टक्-चं! आल्यागेल्याला करून दाखवायचा. फोन उलटा धरून हलवायचा आणि म्हणायचा, "बघा, पडतेय का?" मी म्हणायचे, "नाकापेक्षा मोती जड. दुरुस्त कर की फोन." तर म्हणायचा, "अगं, चिकटतंय ना? मग झालं तर."

तो गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मला तो फोन सापडेना. शोधायला म्हणून मी माझ्या फोनवरून त्याला रिंग दिली. सोफ्याच्या फटीत वाजला. ओढून काढला तर पडद्यावर अक्षरं होती: 'देवयानी उचल रे'.

आता हे सांगायला हवं की सलिलची नावं साठवायची पद्धतच तशी होती. माणूस, गाव आणि तक्रार. 'राकेश मोहने गळती'. 'काळुराम दिवा आवाज', म्हणजे दिवा गावचा काळुराम, मशीन आवाज करतंय. एकदा मी त्याच्यावर फार भडकले होते. सासूबाईंना ताप चढलेला आणि हा फोन उचलत नव्हता. घरी आल्यावर मी म्हटलं, "गिऱ्हाइकांचे उचलतोस, माझा काय म्हणून उचलत नाहीस?" त्यानं ऐकून घेतलं आणि फोनमध्ये काहीतरी टाइप करत बसला. मला वाटलं, बघा, आत्तासुद्धा मेला फोनमध्ये.

तर तेव्हा हे करत होता.

मी सोफ्यावर बसून फोन वाजू दिला. थांबला की पुन्हा लावला. उचल रे, उचल रे. तेव्हाही रडू आलं नाही.

शौनकनं ते पाहिलं आणि समजावलं. "वहिनी, हा बंद पडू देऊ नकोस. एकदा बंद होऊन चालू झाला की आधी कोड मागतो. कोड टाकेपर्यंत आतलं काही उघडत नाही. फोन येतील, घेताही येतील, पण नुसता नंबर दिसेल. नाव दिसणार नाही."

मग माझं ते एक काम झालं. सलिलचा फोन चालू ठेवायचा. शोकेसवर त्याचा फोटो, फोटोसमोर समई, समईशेजारी पॉवर बँक आणि तिच्यावर चिकटलेला फोन. पॉवर बँकेला प्लगमधून वायर. लोक फोटोला नमस्कार करायचे आणि मी पॉवर बँकेचा हिरवा ठिपका बघायचे. समईत तेल आहे की नाही हे सासूबाई बघायच्या. घरात दोन बायका, दोघी आपापला दिवा सांभाळत बसलेल्या.

गिऱ्हाइकांचे फोन यायचे, ते मीच घ्यायचे. माझं वाक्य ठरून गेलं होतं. "सलिल गेला. मी त्याची बायको बोलतेय." आणि पलीकडून प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "कधी?" कसं नाही, काय झालं नाही, आधी कधी. मला राग यायचा. कधी-ला काय करायचंय मेलं? मंगळवारऐवजी बुधवार असता तर काय परत येणार होता? पण मी आपली शांतपणे सांगायचे, मंगळवारी, जेवून हात धुतले आणि. पाढे म्हणावेत तसं.

सासूबाईंचं उलटं. मंदाकिनी त्यांचं नाव, पण मी आईच म्हणते. त्या फोनला हात लावायच्या नाहीत. कानानं जरा कमी आहे त्यांना. 'गेला' हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नव्हता. कोणी भेटायला आलं तरी म्हणायच्या, "सलिल नाहीये." जणू कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय.

बाराव्याचे विधी घरीच होते. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून शौनक बसला. कल्याणहून सोमण गुरुजी आले होते. बाराव्याला गेलेल्या माणसासाठी दान देतात, गादी, छत्री, चपला, तांब्या-भांडं. त्याला पुढच्या वाटेवर उपयोगी पडतं म्हणे. ती पिशवी आई सकाळपासून स्वतः भरत होत्या. मी स्वयंपाकघरात होते. गुरुजी गेले, पानं उठली, शौनक पाहुण्यांना सोडायला गेला, आणि मी हात पुसत रोजच्यासारखी शोकेसपाशी आले.

फोन एकटाच होता. वायर खाली लोंबत होती. पडद्यावर बॅटरीची लाल रेघ. जुनी बॅटरी, पॉवर बँक काढली की दोन-तीन तासांत उतरायची.

"आई, ह्याच्या खालची ती वडी कुठेय?"

"दिली की गुरुजींना," आई म्हणाल्या. "छत्रीबरोबर."

"का?"

"अगं, जे वापरायचा ते द्यायचं असतं. छत्री कधी घेतली होती त्यानं? भिजत यायचा. पण ते मेलं चिकटवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचा का? तिकडे कुठे मिळणार त्याला?"

मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "मग फोन का नाही दिलात? नुसती बॅटरी घेऊन तो काय करणार?"

"फोन तुला लागतो ना गं," त्या म्हणाल्या. "रोज वाजवतेस, बघते मी."

फोन पर्समध्ये टाकला, चपला सरकवल्या आणि रिक्षा पकडली. कल्याण, पारनाका, गुरुजींकडे. दुकानात नवीन मिळाली असती, आपल्या कोपऱ्यावरसुद्धा मिळाली असती, हे मला पत्री पुलाच्या ट्रॅफिकमध्ये सुचलं. डोकं चालतच नव्हतं. रिक्षा हलत नव्हती. मी पर्स मांडीवर धरून बसलेले, आत मूल असल्यासारखी.

तेवढ्यात तो वाजला. 'राकेश मोहने गळती'. मला कट करता आला असता. करायलाच हवा होता. पण इतक्या दिवसांची सवय, अंगठा आपोआप फिरला.

"साळवी साहेब, दोन दिवस झाले मशीन—"

"सलिल गेला," मी म्हटलं. "मी त्याची—"

पुढे काहीच नाही. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. कानापासून फोन काढला तर काळा पडदा, आणि त्यात माझंच तोंड.

रिक्षावाला म्हणाला, "ताई, उतरायचंय की पुढे घेऊ?" मी म्हटलं, घ्या पुढे. बैल गेला आणि झोपा केला. पण झोपा तरी करायलाच हवा, नाहीतर घरी जाऊन काय करणार होते?

सोमण गुरुजींनीच दार उघडलं. मी काय मागायला आलेय हे मला नीट सांगतासुद्धा येईना. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. पॉवर बँक त्यांच्या फ्रिजच्या दाराला चिकटवलेली होती, तिच्याखाली लाइटचं बिल.

"माझ्या फोनला काही ती बसेना," ते म्हणाले. "म्हटलं, फ्रिजला लावायचं काहीतरी दिसतंय." मग माझा चेहरा बघून त्यांनी बिल बाजूला केलं आणि ती काढून माझ्या हातात दिली. "दान परत घेत नाहीत हो वहिनी."

"माहितीये गुरुजी."

"म्हणून उसनी न्या. वापरून झाली की आणून द्या. घाई नाही."

जिन्यातच मी ती लावली. टक्. दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. जरा वेळानं फोन उजळला, आणि शौनकनं सांगितलं होतं तेच विचारलं. कोड. माझ्या वाढदिवसाची तारीख घातली, नाही. त्याची घातली, नाही. पुढे काही घालायची हिंमत झाली नाही.

घरी आले तेव्हा आई शोकेसपाशीच बसून होत्या. समईत नुकतंच तेल घातलेलं दिसत होतं. मी फोन जागेवर ठेवला, वायर लावली, हिरवा ठिपका लागला. आईंनी विचारलं, "झालं ना नीट?"

"झालं," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

आधण ठेवलं, साखर, चहा, दूध एकदमच घातलं, आणि आपला फोन हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. नाव दिसणार नाही, हे माहीत होतं. बाहेर जाऊन बघायचं धैर्य नव्हतं. म्हणून तिथूनच लावला. बाहेर तो मोठ्यानं वाजायला लागला. एकदा, दोनदा. म्हटलं, नेहमीसारखा वाजून थांबेल.

उचलला.

इतके दिवस मी वाजवला की माझं नाव दिसायचं, म्हणून आई हात लावायच्या नाहीत. आता नाव नव्हतं. नुसता नंबर. त्यांना वाटलं असणार, कोणी गिऱ्हाईक आहे आणि सूनबाई दमलीये.

"हॅलो," आई म्हणाल्या. मला त्या फोनमधूनही ऐकू येत होत्या आणि भिंतीपलीकडूनही. "कोण बोलतंय? सलिल नाहीये."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"नाहीये म्हणजे," आई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "गेला तो. माझा सलिल गेला. मी त्याची आई बोलतेय."

इतक्या लोकांना मी सांगितलं होतं. मला कोणी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी फक्त मान हलवली होती. ऑफिसवाले म्हणाले होते, जरा सिरियस आहे. हे वाक्य मला आत्ता पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं.

"कधी?" मी विचारलं.

"मंगळवारी," आई म्हणाल्या.

मग मला रडू आलं. ओट्याला धरून खाली बसले आणि रडले, तोंडात पदर कोंबून, तरी आवाज यायचा तो आलाच. चहा उतू जात होता. उठून गॅस बंद करायला हवा होता, पण फोन कानापासून काढवेना.

पलीकडे कोणीतरी परकं माणूस रडतंय, हे आई ऐकत होत्या. त्यांनी फोन ठेवला नाही.

"रडू नका हो," त्या म्हणाल्या. "जेवून गेलाय तो."