बाटल्यांतले जीव

घरात पाण्याच्या सहाशे एकतीस बाटल्या होत्या. मी दोनदा मोजल्या. पलंगाखाली, माळ्यावर, खिडक्यांत, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर. २०१३च्या दुष्काळात माय दोन तास टँकरपुढे उभी राहून रिकामी घागर घेऊन परतली होती, तेव्हापासून ती भरतेय. आता कुंभार पिंपळगावात आमच्या नळाला पाणी येतं, तरी भरते. त्यातलं पीत मात्र कुणी नाही, तीसुद्धा.

पायलवहिनी बाळंतपणाला राजूरला माहेरी गेली, ती पाच महिने झाले तरी येईना. "पोरगी रांगाया लागली की बाटल्यांतून रांगंल का?" ती फोनवर म्हणाली. धम्मपालदादाने एकदा पन्नास बाटल्या मोरीत ओतल्या, तर माय दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पन्नास नव्या भरल्या.

"आता तूच कर काय ते," दादा म्हणाला. "एमएस्सी कशाला केलं मंग?"

किळस आली तर माय स्वतःच फेकेल, असं मला वाटलं. कॉलेजातल्या मॅडमना विचारून मी सूक्ष्मदर्शक आणला. खिडकीतल्या सर्वांत जुन्या, हिरव्या बाटलीतला थेंब काचपट्टीवर ठेवला. आधी मीच पाहिलं, आणि मायला हाक मारायची विसरले. अकरा वर्षं झाकण न उघडलेल्या पाण्यात हिरवे गोळे सावकाश लोळत होते. एक काचेसारखा आरपार जीव तोंडाजवळची केसांची दोन चक्रं फिरवत त्यांना आत ओढत होता. त्याच्या पोटातलं हिरवं जेवणही दिसत होतं. बाहेरून फक्त ऊन मिळालं होतं त्यांना.

"दाव की," माय म्हणाली. एक डोळा मिटून ती वाकली. कितीतरी वेळ हललीच नाही.

"माझ्या बाटलीतलं हे?"

"हो. बघ, किती घाण..."

"जेवून राह्यलंय ते. पोट हाय त्याला."

"असे लाखो असतील. म्हणून म्हणते, ओतून दे."

तिने मान वर केली. "दर पुनवेला विहारात पंचशील म्हणतीस ना? पयलं काय हाय त्यातलं?"

जीवहत्या करणार नाही. माझ्याच हाताने मी घोटाळा करून ठेवला होता.

"झालं," दादा दारातून म्हणाला. "आता त्यांचं रेशन कार्ड काढा."

माय पुन्हा वाकली. "मोरीत मरतेल. तलावात जगतेल का?"

"जगतील. काही मासे खातील."

"ते बराबर हाय. आपण न्हाई मारायचे."

दादाच्या आपे रिक्षाच्या चार खेपा झाल्या. मायने आम्हाला हात लावू दिला नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती एकेक बाटली तलावाला टेकवायची आणि पाणी आपोआप निघून जाऊ द्यायची. पेलाभर पाणी सांडलं तर जेवण सोडणारी बाई. ऊन उतरेपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहिले. जे पाहत होते त्याचं कारण मला कुठल्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं.

काठावरूनच तिने वहिनीला फोन लावला. "परवा ये पोरीला घेऊन. घर मोकळं झालंय. फकस्त एक बाटली ठेवलीय."

"एकच ना आत्या? खरं सांगा."

"एकच."

मी रिक्षात वाकून पाहिलं. चार होत्या. वहिनीला मी काही सांगितलं नाही.