आधीच दिलेली पोच

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअर विभागातल्या ज्युनिअर मुलीने पडद्यावरची यादी वर सरकवली आणि खुर्ची बाजूला घेतली, म्हणजे सरांनाही नीट दिसावं.

"एकशे चौदा रिपोर्ट, सर. लॅबच्या सर्व्हिसने रिपोर्ट तयार असल्याचं कळवलं, मेसेजच्या सर्व्हिसने 'दोनशे' हा कोड, म्हणजे मिळालं, असं उत्तरही दिलं. पण पेशंटच्या फोनवर काहीच गेलं नाही."

"असं कसं होईल?"

"मेसेजची सर्व्हिस उत्तर आधी देते, मेसेज मग पाठवते. मधेच बंद पडली की हातातले तेवढे मेसेज बुडाले. दोन्हींचे लॉग, सगळ्या नोंदी, ताडून पाहिल्या मी."

आधी उत्तर द्यायची ही युक्ती सरांचीच होती. पूर्वी उत्तराची वाट बघत लॅबची सर्व्हिस ताटकळायची आणि सगळं हॉस्पिटल त्यांच्या नावाने ओरडायचं. मग एका दुपारी त्यांनी दोन ओळींची अदलाबदल केली: आधी पोच, मग काम. हॉस्पिटलच्या साहेबांनी पाठ थोपटली. आपल्या कामावर सरांचा भारी विश्वास, आणि तो घरातल्यांनाही झेलावा लागे.

दोन वर्षांपूर्वी बायकोचा रिपोर्ट आला, 'ताबडतोब दाखल करा' असा. ते परगावी होते, नंबर लेकीचा दिलेला. कळेपर्यंत आठ दिवस गेले, आणि बायकोही गेली. लेक रडून सांगत होती, मेसेज आलाच नाही हो बाबा. त्यांनी चार माणसांत लॅपटॉप उघडून तिला ते 'दोनशे' दाखवलं. त्यानंतर ती माहेरी फिरकली नाही.

"अजून खाली जा," ते म्हणाले.

एके ठिकाणी त्यांनी थांब म्हणून हात वर केला. लेकीचा नंबर होता तो, त्यांना पाठ. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक तशी छोटीच आहे, सर. करू का दुरुस्त?"

"कर."

बाहेर जिन्यात जाऊन त्यांनी फोन लावला. लेकीने पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा? बरे आहात ना?"

"तुला तो मेसेज आला नव्हता, बाळ. तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं."

"कशावरून कळलं?"

"आज लॉगमध्ये सापडलं."

"अच्छा. लॉगमध्ये दिसलं म्हणून," लेक म्हणाली. "बरं. ठेवते मी."