दुजोरा

वर्गात तिला सगळे कलेक्टर म्हणायचे, कारण तिला हुकूम सोडायची सवय होती. मी तिची रूममेट असल्यामुळे माझ्या वाट्याला सकाळपासूनच हुकूम यायचे. खिडकी लाव, दिवा घालव, तुझा टॉवेल माझ्या खुर्चीवरून उचल. तिच्याशी धड भांडताही यायचं नाही. भांडण झालं की तीच आधी चहा करून आणायची, आणि "पी, गार होतोय" हासुद्धा हुकूमच असायचा.

आमच्या पत्रकारिता विभागात शेवटच्या सत्रात एक दिवस असा यायचा, ज्याला वेळापत्रकात लांबलचक नाव होतं आणि आम्ही त्याला 'खोटा दिवस' म्हणायचो. त्या दिवशी वर्गाची न्यूजरूम व्हायची. सर एखादं संकट रचायचे, कधी पूल पडायचा, कधी आग लागायची. नाट्यविभागातली मुलं दिवसभर फोन करायची. कोणी साक्षीदार व्हायचं, कोणी डॉक्टर, कोणी हंबरडा फोडणारा नातेवाईक. त्यातलं खरं कोणतं आणि थाप कोणती ते ओळखून संध्याकाळपर्यंत चार पानांचा अंक काढायचा. निम्मे मार्क त्याचे होते.

हे सगळं चालवणारे आमचे कात्री सर. लिहिलेल्या मजकुरातलं निम्मं कापल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. आज त्यांच्या नावाने बोटं मोडावीशी वाटतात, पण माणूस वाईट नव्हता, हे लिहिलं पाहिजे.

आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला मागच्या बॅचची गोष्ट सांगितली. नाट्यविभागातल्या एका मुलीने फोन करून सांगितलं होतं, "मी तुमच्या संपादकाची आई बोलतेय, त्याला लगेच फोनवर बोलवा." संपादक बिचारा टेबल सोडून धावला आणि तेवढ्यात दुसऱ्या फोनवरून खोटा मृतांचा आकडा पानात घुसला. अख्खी बॅच नापासाच्या उंबरठ्यावर.

"रडणारा माणूस खरं बोलतो असं तुम्हाला वाटतं," सर म्हणाले. "फोनवर कोणीही रडू शकतं. दुजोरा मिळाल्याशिवाय ओळ छापायची नाही. आणि डेस्कचा प्रमुख फोनवर येणार नाही. जे असेल ते चिठ्ठीवर."

वर्ग संपल्यावर कलेक्टर थांबली. मलाही थांबवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, गावाकडच्या दवाखान्यात. बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. ऑपरेशन साधं होतं आणि घरी जायचा हट्ट तिने करून पाहिला होता. बाबांनी फोनवर तिला उडवून लावलं होतं, "पोटाला टाके घालणार आहेत, तू येऊन काय दोरा ओवून देणार आहेस? परीक्षा दे." पण त्या दिवशी सगळ्यांचे मोबाईल सरांच्या ड्रॉवरमध्ये जाणार होते. तिला एवढंच हवं होतं की आपला मोबाईल आपल्याजवळ राहावा.

"एकीला दिला तर सगळे मागतील," सर म्हणाले. मग जरा नरमले. "घरी न्यूजरूमच्या फोनचा नंबर देऊन ठेव. मी दिवसभर त्या फोनजवळच बसणार आहे. तुझ्या आईचा फोन मी स्वतः घेईन. मात्र वर्गात बोलू नकोस. त्या नाटकवाल्यांना कळलं तर ते नेमकं तेच वापरतील."

तिच्या जिवात जीव आला. तिने तिथल्या तिथे आईला नंबर सांगितला, दोनदा म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशीचं संकट होतं कारखान्यातली वायुगळती. कलेक्टर डेस्कची प्रमुख होती, हे सांगायला नको. मी पानं लावायला होते, तिच्या टेबलाला लागून. फोनवर आम्ही ज्याला टेप म्हणायचो तो मुलगा होता. ऐकलेलं सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचा, म्हणून टेप. त्याच्या शेजारी, ठरल्याप्रमाणे, कात्री सर खुर्ची टाकून बसले होते. सकाळी ती दोनदा उठून त्यांच्याकडे बघून आली आणि दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, अजून काही नाही.

मग कारखान्याचा मॅनेजर आला नाही. म्हणजे नाट्यविभागातला जो मुलगा मॅनेजर होणार होता, त्याला सणकून ताप भरला होता. मॅनेजरची पत्रकार परिषद झाली नसती तर पहिलं पान कोरं राहिलं असतं. सर उठले, खुंटीवरचा कोट चढवला आणि पलीकडच्या खोलीत मॅनेजर व्हायला गेले. जाताना टेपला म्हणाले, "फोन नीट सांभाळ." त्यांच्या डोक्यात तेव्हा मॅनेजरची उत्तरं होती. ती उत्तरं त्यांनी झकास दिली, आमचे तीन वार्ताहर घामाघूम होऊन बाहेर आले.

फोन सारखा वाजत होता. टेपला उसंत नव्हती. त्याच्या आणि आमच्यामध्ये दोन लोखंडी कपाटं होती, त्यामुळे सरांची खुर्ची रिकामी झालेली आम्हाला दिसली नाही आणि त्याचं बोलणंही अर्धवटच कानावर यायचं. "स्पेलिंग सांगा." "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" एकदा तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "छान करताय हं, खरंच छान करताय. जरा थांबा, लाईनवर राहा." मग तो कपाटांना वळसा घालून आला आणि कलेक्टरच्या पुढ्यात चिठ्ठी ठेवली. मी वाकून वाचली. 'महिला, दवाखान्यातून. एक पुरुष अत्यवस्थ. नातं सांगते, पुरावा नाही.'

दवाखान्यातून आलेली ती त्या सकाळची कितवी तरी चिठ्ठी होती. वायुगळतीचे निम्मे रुग्ण अत्यवस्थच होते.

कलेक्टर तेव्हा शीर्षकावरून माझ्याशी भांडत होती. तिने चिठ्ठीवर नजर टाकली आणि तिचा आवाज चढला. तो आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचा. "एका बाईच्या सांगण्यावरून माणूस अत्यवस्थ कसा करू मी? दुसरं कोणी आहे का तिथे, डॉक्टर वगैरे? दुजोरा देत असतील तर घे. नाहीतर काढून टाक. आणि रडतेय म्हणून गहिवरू नकोस!"

सगळे हसले. मीही हसले. टेप परत गेला, कोणाशी तरी दोन शब्द बोलला आणि पुढचा फोन घेतला.

अंक वेळेत निघाला. सगळ्या खोट्या बातम्या आम्ही बरोबर गाळल्या होत्या. संध्याकाळी सगळे एकत्र बसलो. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला नाट्यविभागातली मुलं आणि त्यांच्या मॅडम. सरांच्या अंगात अजून मॅनेजरचा कोट होता. ते सहसा कोणाचं कौतुक करत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, "डेस्क पक्कं होतं." कलेक्टर लाजली. तिला लाजताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

मग टेपची छाती फुगली. "सर, ती मागच्या वर्षीची युक्ती यांनी परत केली. आईवाली! पण मी नाही फसलो."

"काय म्हणाली?" सरांनी हसत विचारलं.

टेपने नेहमीसारखं सगळं म्हणून दाखवलं, आवाजासकट. "म्हणाली, 'मी तिची आई बोलतेय. ऑपरेशन नीट झालं, पण मघापासून यांची छाती दुखतेय, डॉक्टर धावपळ करतायत. ते तिच्याशी बोलायचं म्हणतायत, दोन मिनिटं द्या हो तिला.' मी विचारलं, तुम्ही आई आहात याला पुरावा काय? तर म्हणते, 'पुरावा काय देऊ बाळा, मी आई आहे.' काय डायलॉग आहे! मी म्हटलं, दुजोरा द्यायला डॉक्टर आहेत का? तर म्हणते, 'डॉक्टर यांच्याजवळ आहेत, त्यांना कसं बोलवू?' ज्याने कोणी केलं त्याला मानलं बुवा."

आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. समोरच्या बाजूने पडल्या नाहीत. नाट्यविभागाच्या मॅडमनी आपल्या मुलांकडे पाहिलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आमच्यापैकी आई कोणीच केली नाही," मॅडम म्हणाल्या. "ती युक्ती जुनी झाली म्हणून यंदा आम्ही काढून टाकली होती."

मी कलेक्टरकडे बघायला हवं होतं, पण मी बघितलं सरांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, नुसतं तिथेच राहून गेलं होतं. मग ते उठले आणि ड्रॉवर उघडायला लागले. चावी लागेना. इतकी वर्षं शिकवणारा तो माणूस एका कुलपाशी झटत होता, आणि मला त्यांची दया आली नाही. जराही नाही.

मोबाईल हातात आल्यावर कलेक्टरने आईला लावला, तो कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग तिने काकाला लावला. मी तिला खेटूनच उभी होते. काकाने तिचा आवाज ऐकला आणि फक्त एवढंच म्हणाला, "निघ तू बेटा. सावकाश ये."

घाई नाही म्हटल्यावर समजायचं ते आम्ही समजलो.

टेप भिंतीला टेकून उभा होता. ती त्याच्याजवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "तू नियमानेच वागलास." हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिच्याबरोबर गेले. बसमध्ये ती खिडकीशी बसून राहिली, मी पाण्याची बाटली हातात धरून. बातमी कशी लिहायची ते मला तीन वर्षं शिकवलं होतं, आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला एक वाक्य म्हणायचं तर तोंडातून हूं की चूं निघत नव्हतं. तिने एकदाही मला काही करायला सांगितलं नाही. खिडकी लाव असंही नाही, आणि वारा तर सपासप येत होता.

घर माणसांनी भरलेलं होतं. तिची आई आतल्या खोलीत पलंगावर बसली होती, लहानशी बाई, डोळे सुजलेले. कलेक्टर तिच्या मांडीत डोकं खुपसून खूप वेळ रडली. मी दाराशी उभी राहिले. आत्या होती, काका होता, शेजारच्या दोघी होत्या.

"आई, तू फोन केला होतास," शेवटी ती म्हणाली. "माझ्यापर्यंत आला नाही गं. मला कोणी दिलाच नाही."

"अगं, असं काय करतेस?" आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. तिच्या आवाजात समजूत घालण्याचा सूर होता. "तो मुलगा थांबा म्हणाला आणि फोन तसाच ठेवून गेला. मी म्हटलं, आता तू येशील. म्हणून मी फोन यांच्या कानाशी धरला. आणि खरंच तुझा आवाज आला. लांबून येत होता, पण तुझाच. मोठ्याने काहीतरी बोलत होतीस, नेहमीसारखी. मागे सगळे हसत होते. शब्द मला काही कळले नाहीत, फोन त्यांच्या कानाला होता. पण त्यांना नीट ऐकू गेलं. त्यांनी डोळे उघडले."

आत्या जवळ सरकली.

"मग?" आत्याने विचारलं.

"मग म्हणाले, 'कामात आहे ती. राहू दे.' आणि फोन बाजूला करायला लावला." आईने पदराने डोळे पुसले. "तेवढंच बोलले. पण ऐकलं त्यांनी तुला. मी सगळ्यांना तेच सांगतेय, जाताना लेकीचा आवाज कानात घेऊन गेले."

शेजारच्या दोघींनी माना हलवल्या. एक म्हणाली, "भाग्य लागतं."

कलेक्टरने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या घरात तिचे शब्द काय होते ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी तिच्यासाठी काहीही केलं असतं, पण तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

"काय बोलत होतीस गं तेव्हा?" आईने विचारलं. "यांनी एवढे डोळे उघडून ऐकलं. मला सांग ना, मलाही ऐकू दे."