सतरा नंबर हलली नव्हती

आमच्या प्रयोगात आईचा नंबर सतरा होता. विसरण्याचा आजार जडलेली बारा माणसं आणि धडधाकट बारा. एकेकाला यंत्रात झोपवून चित्रं दाखवायची, आधी पाहिलेलं चित्र आलं की त्याने बटण दाबायचं, आणि तेवढ्या वेळात मेंदूतला आठवणीचा भाग किती जागा होतो ते आम्ही मोजायचं. ही मापं काढून दोन्ही गटांची सरासरी अहवालात मांडणं माझ्याकडे होतं. आईला जाऊन पाच आठवडे झाले होते.

सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सतरा वगळ."

"का?"

"आजारी गटात असून तिचं माप धडधाकटांच्या वर. एकटी सगळी सरासरी वर ओढते. ती नसली की दोन गटांतला फरक स्वच्छ दिसतो."

"कारण काय लिहू?"

"डोकं हललं म्हणून लिही. कोण बघायला येतंय?"

डोकं हललं! त्या दिवशी यंत्रातून बाहेर आली तेव्हा आईची मान आखडली होती. "हलू नका म्हणाले ना, मी आवंढासुद्धा गिळला नाही गं. नाकाला मेली खाज सुटलेली. पण म्हटलं, तुझ्या साहेबांचं काम बिघडायला नको." परतताना ती आमचा मजला विसरली, पण आपण हललो नाही हे तिने मला तीनदा सांगितलं.

मी हालचालीची फाइल उघडली. प्रत्येकाचं डोकं किती सरकलं हे तिच्यात असतंच. काम सुरू करण्यापूर्वी आम्हीच मर्यादा ठरवली होती, तीन मिलिमीटर. सतरा नंबर अर्धा मिलिमीटरही नाही, चोवीस जणांत सर्वांत कमी. नऊ नंबर चार मिलिमीटर. तोही आजारी गटातलाच. त्याचं माप हवं तसं खाली, म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता.

"सर, हललाय तो नऊ."

"नऊ राहू दे."

"का? तो तुम्हाला हवा तसा आजारी आहे म्हणून?"

"हे बघ, तुझी आई होती. तुझी अवस्था मला कळते."

"माझी अवस्था राहू द्या. फाइल बघा."

"दोन वर्षांचं काम पाण्यात घालशील. तुझं नाव काढून टाकीन शोधनिबंधातून."

"काढा. तिला मात्र खोटं पाडू नका."

ते दार आपटून गेले. आकडे दोनदा चुकले. ठरलेल्या मर्यादेप्रमाणे नऊ वगळला, सतरा ठेवली, सरासरी पुन्हा काढली. दोन गटांत खात्रीने सांगता येईल असा फरक उरला नाही. तसंच लिहिलं, हालचालीचा पूर्ण तक्ता जोडला आणि अहवाल सरांसकट प्रयोगावर काम करणाऱ्या सगळ्यांना पाठवला.

वगळलेल्यांचीच कारणं द्यायची आमची पद्धत आहे. ठेवलेल्यांबद्दल कुणी लिहीत नाही. मी तक्त्याखाली एक ओळ लिहिली होती: नंबर सतरा, हललेली नाही.