वर्षाच्या आत गाणं

सासरे चैत्रात गेले आणि इंदुआत्यांनी रेडिओवर चादर घातली. "वर्षश्राद्ध होईपर्यंत या घरातून गाणं ऐकू यायला नको," म्हणाल्या. आत्या म्हणजे सासऱ्यांची बहीण. खासगी बाजारातल्या आमच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे दरबारचा हुकूम. संस्थानाबरोबर दरबार गेला, हुकूम तेवढे राहिले.

रोज संध्याकाळी रेडिओपाशी बसणाऱ्या सासूबाईंनी तेव्हापासून बोलणंच टाकलं. ताटातलं निम्मं गाईला जायचं. इकडे मध्यभारत मोडून नवा प्रांत होत होता, यांची कचेरी भोपाळला निघालेली; दिवाळीच्या सुमारास आम्हाला हलायचं होतं. या बाईला अशा अवस्थेत न्यायचं कसं? हे म्हणाले, "होईल हळूहळू." यांचं सगळंच हळूहळू! मला तर भीती वाटत होती, त्या भोपाळ बघायच्याच नाहीत.

मग मी आत्यांचेच शब्द धरले. ऐकू यायला नको ना? कानाला लावायचे हेडफोन आणू.

टोपी बाजारात एका रेडिओवाल्याकडे दोन जोड होते. एक नवा, चकचकीत, हलका. दुसरा लढाईनंतर लिलावात निघालेला फौजी माल, डोक्यावर पाटा ठेवावा तसा जड. "बहनजी, नया ले जाओ, शोभा देगा," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "भैया, शोभा क्या कान में डालूँ?" दोन्ही लावून पाहिले. कुणाचा तरी ख्याल चालला होता. नव्यात तंबोरा डासासारखा वाजत होता, डग्गा तर गायबच. फौजी जोडात खर्ज कसा भरून आला, शिवाय बाहेरच्या टांग्यांचा आवाज बंद. आणि किंमत निम्मी. मान दुखेल तर दुखू दे. तंबोराच ऐकू येत नसेल तर हलकं घेऊन करायचंय काय? दुकानाच्या मिस्त्रीनं घरी येऊन ते रेडिओला जोडले आणि भोंगा बंद करून दिला.

आत्या माळ ओढत बसल्या. नियम मोडलेला नव्हता.

संध्याकाळी सासूबाईंच्या डोक्यावर मीच ते चढवले. भिंतीकडे बघत बसल्या. मग मांडीवर बोटं हलली. आणि मग त्या गायला लागल्या.

गुणगुणणं नव्हे हो, चांगला खुला आवाज! कान बंद असले की आपला आवाज आपल्याला कळत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. झाली का पंचाईत! दुखवट्याच्या घरात गाणं, आणि गल्ली ऐकतेय. हे आ वासून बघत राहिले. आई गाते हेच यांना ठाऊक नव्हतं.

"लग्न होऊन आली तेव्हा गायची," आत्या हळूच म्हणाल्या. "मीच दादाच्या कानावर घातलं, मानकऱ्यांच्या घरात हे शोभत नाही. त्यानं बंद करवलं."

तेवढ्यात समोरच्या घरात कुणीतरी रेडिओ मोठा केला. बातम्या चालल्या होत्या, नवी राजधानी, कुठलं खातं कुठे. यांनी आमच्या रेडिओची तबकडी पाहिली. "तेच स्टेशन आहे," हे म्हणाले. "गाणं केव्हाच संपलंय. आईच्या कानातही बातम्याच आहेत."

सासूबाई डोळे मिटून गातच होत्या. माझे डोळे भरून आले. तरी लोकलाज आहेच, मी खिडकी लावायला उठले.

"राहू दे उघडी," आत्या म्हणाल्या. "दादा नाहीये आता."