पाण्यातली अक्षरं

तिनं वाटीतल्या पाण्यात ब्रश बुडवला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर आधी आडवी रेघ ओढली, मग उभी, मग दोन्हींना कवेत घेणारा गोल वळसा. जपानीतला ‘आ’. तीन वर्षांची लेक शेजारी उकिडवी बसून बघत होती. बघता बघता अक्षर वाळलं.

“परत काढ.”

तिनं परत काढलं. परवा विद्यापीठात जपानीच्या ओळखवर्गात सरांनी असाच ब्रश हाती दिला होता. बाळंतपणानंतर पुन्हा शिकायला लागल्यापासून पहिल्यांदाच ती तासभर घरी फोन करायला विसरली, आणि परतताना त्याचीच तिला धास्ती वाटली होती. भाषेच्या पेपरला फ्रेंच घे, सकाळी असतं, नोट्स आयत्या मिळतात, असं नवऱ्याचं म्हणणं. जपानी मंगळवार-गुरुवार, चार ते सहा. नेमकी सासूबाईंची मैत्रिणींबरोबर फिरायची वेळ. अख्ख्या आठवड्यात तेवढीच काय ती त्यांची स्वतःची. ती मागायची कुठल्या तोंडानं? जपानीचा भरलेला फॉर्म परवापासून साखरेच्या डब्याखाली होता. मुदत आज पाचपर्यंत.

बुटांची करकर दारात येऊन थांबली. सासूबाई फिरायला निघाल्या होत्या. फरशीवर थेंबभर पाणी दिसलं तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. तिनं घाईनं फडकं ओढलं.

“राहू दे.”

त्यांनी बूट काढले. ओल्या अक्षराला वळसा घालून ओट्याशी गेल्या, साखरेचा डबा उचलला आणि फॉर्म तिच्यापुढे धरला.

“रोज पुसते मी हे डबे. लपवायला दुसरी जागा नाही मिळाली?”

“आई, मी फ्रेंचच...”

“सही राहिलीये खाली.” त्यांनी पेन शोधून दिलं. “आम्ही आता सोमवार-बुधवार फिरणार. मैत्रिणींना तेच सांगायला निघाले होते, आता फोनवर सांगीन.”

सही करताना तिचा हात ओलाच होता. नावाचं पहिलं अक्षर थोडं पसरलं.

दाराशी चपला घालताना आतून लेकीचा आवाज आला.

“असं नाही, आजी. आधी आडवी.”

“बरं बाई. आडवी.”

आपला फोन घरी ओट्यावरच राहिला, हे तिच्या लक्षात आलं ते विद्यापीठाच्या खिडकीत फॉर्म सरकवल्यावर. परतताना तिनं बस सोडून दिली आणि चालत निघाली.