ट्रॅक्टर बोलवायचा नाही

माझे सासरे चंद्रभानजी, म्हणजे आमचे मामाजी, तसे देवमाणूस, पण एकदा बोलले की बोलले. गेल्या पावसाळ्यात माझी जीप कुहीकडच्या पांदणीत, शेतांमधल्या कच्च्या वाटेत फसली, ट्रॅक्टर यायला दुपार उलटली आणि पिशव्यांमधली सगळी बोटुकली मेली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. मी ती हॅचरीतून घेते आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांमधून गावोगावच्या तलावांवर पोचवते. त्या संध्याकाळी मामाजींनी हातपाय धुता धुता जाहीर केलं, "आता अजून एकडाव ट्रॅक्टर बोलवा लागला, का जीप विकाची. समजलं का वं दिपाली?"

जीप त्यांच्या नावावर होती, तेव्हा समजणं भागच होतं.

माझा नवरा रोहित हिंगण्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, "जाऊ दे ना. तुले एखादं ऑफिसातलं काम पाहू." मला ऑफिसातलं काम नको होतं. पांदण कितीही नालायक असली तरी तिच्या शेवटी तलाव असतो. पिशवी पाण्यात टेकवून तोंड सोडलं की पिल्लं क्षणभर थबकतात आणि मग सुसाट सुटतात. मला ते फार आवडतं, आणि आवडतं काम कोणी हातातून काढून घेऊ लागलं की माझं डोकं फिरतं.

"ट्रॅक्टरशिवाय निघायचं," मी म्हटलं.

"कशी? उडून?"

धरमपेठेत जीपचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथं आधी गेलो. दुकानदारानं फसलेली गाडी ओढून काढणारा, बॅटरीवर चालणारा विंच दाखवला. किंमत ऐकून रोहितनं पाणी मागितलं. शिवाय तो बसवायला नवा बंपर आणि नवी बॅटरी, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं, की जे मला एकटीला उचलता येत नाही ते घ्यायचं नाही, आणि जे चिखलात बंद पडू शकतं तेही नाही.

मग इतवारीतली लोहाओळी, म्हणजे लोखंडाचा बाजार. कुंपणाची तार ताणायला वापरतात तो हातपुलर तिथं मिळाला: एक लांब दांडा, एक दातेरी चाक, दोन आकडे आणि थोडी पोलादी तार. दांडा मागेपुढे हलवायचा, चाक एकेक दात पुढं सरकतं आणि गाडी इंचाइंचानं ओढली जाते. त्यावर लिहिलेल्या वजनावर मी काडीचा विश्वास ठेवला नाही आणि एक नंबर मोठा घेतला. रोहितचा जीव साखळीत अडकला होता.

"साखळी मजबूत राह्यते."

"तुटली तर कोणाच्या डोक्यात जाईल?"

त्यानं साखळी परत ठेवली. क्रेनवाले मशीन उचलायला वापरतात तसला रुंद पट्टा आम्ही घेतला, स्क्रूची पिन असलेल्या दोन जाड कड्या घेतल्या आणि सीटमागे मावेल असं आखूड दांड्याचं फावडं घेतलं. चाकाखाली टाकायला रोहितनं सेंट्रिंगच्या दोन जुन्या लोखंडी प्लेटा आणल्या. चाचणीत चाक फिरलं आणि त्यातली एक अशी मागं उडाली की रोहित दिवसभर त्या प्लेटांचं नाव काढेना. मग मी बांबूच्या फोडी तारेनं बांधून दोन चटया केल्या. त्या चाकानं नीट धरल्या.

त्याच्या कंपनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर आम्ही दर सुटीच्या दिवशी जीप मुद्दाम फसवायचो आणि तिथल्या कडुलिंबाला पट्टा बांधून काढायचो. शिफ्ट सुटलेले लोक चहाचे कप घेऊन तमाशा बघत उभे राहायचे. हसू देत, म्हटलं.

यंदाची पहिली ऑर्डर सुभद्राबाईंच्या बचत गटाची होती. कुहीच्या पुढं त्यांनी तलाव ठेक्यानं घेतला आहे. मामाजी सकाळीच टोपी घालून जीपमध्ये बसले. "मी येतो. पाहू दे तुही तयारी."

तलाव अजून कोसभर होता आणि पांदणीनं दगा दिला. वरून कोरडी दिसणारी काळी माती मागच्या चाकांखाली भसकन बसली, जीप पोटावर टेकली. बाजूच्या शेतात धानाची रोवणी करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून वळल्या. त्यांच्यातच सुभद्राबाई होत्या, त्या चिखल तुडवत धावतच आल्या.

"मासे जित्ते हाय ना वं?"

"आहेत," मी म्हटलं. "आणि राहतील."

ऊन चढत होतं. मी चाकांतली हवा कमी केली, पुढची माती उकरली, चटया सारल्या. मागं वळून पाहते तर मामाजी फोन खिशात ठेवत होते.

"सुशीलले ट्रॅक्टर घेऊन ये म्हटलं," ते म्हणाले. "मासे मरतीन वं."

"म्हणजे जीप विकणार?"

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बोललो तं बोललो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मामाजींच्या ओळखीतल्या सुशीलचं गाव जवळ होतं आणि त्याचा ट्रॅक्टर दिसायच्या आत मला बाहेर निघायचं होतं. पांदणीला एकच झाड होतं, लिंबाचं. मी धावत जाऊन त्याला पट्ट्याचा वेढा दिला, तोच सुभद्राबाईंनी दुसरं टोक धरलं.

"मातामायचा लिंब हाय तो. त्याले दोर बांधत नाही."

बुंध्याशी शेंदूर फासलेले दगड होते, हिरव्या बांगड्या होत्या. घाईत मला काही दिसलंच नव्हतं. आमच्या माहेरीही मातामायच्या झाडाला कोणी बैल बांधत नाही, गाडी तर सोडाच. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी वेढा सोडला. पण महिनोन् महिने आम्ही लिंबालाच बांधायला शिकलो होतो, आणि आता जीप ओढायला आधारच नव्हता. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं. त्याऐवजी मी फावडं घेतलं.

लग्नाचा मांडव धानाच्या बांधीत घालतात तेव्हा ओल्या मातीत खुंटी टिकत नाही. मग आडवं लाकूड खोल पुरतात आणि दोर त्याला बांधतात. माझ्याकडे लाकूड नव्हतं, स्टेपनी होती.

"जीपच्या पुढं खड्डा पाहिजे. माझ्या मांडीएवढा खोल," मी म्हटलं आणि खणायला लागले. सुभद्राबाईंनी बायांना हाक मारली. त्या कुदळी घेऊन आल्या. नको म्हटलेल्या झाडाची भरपाई करायची असल्यासारख्या खणत होत्या. स्टेपनी उभी पुरली, पट्टा तिच्यातून ओवला, पट्ट्याला जीपकडे येण्यापुरता चर मारला आणि माती पायांनी दडपली. मग पट्टा आणि जीप यांच्यामध्ये हातपुलरची तार जोडली, तुटलीच तर उसळू नये म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकलं आणि दांडा ओढला.

कट्. कट्. तार ताणली. मातीत स्टेपनी थोडी सरकली. सगळ्या बाया धावल्या, कारण आमच्याकडे फसलेली गाडी लोटायला न येणं म्हणजे वैरच. मामाजी तर थेट तारेवरून पाय टाकून निघाले.

"मामाजी, बाजूला व्हा!" मी ओरडले. "सगळे बाजूला! कोणी हात लावायचा नाही!"

सासऱ्यांवर मी जन्मात पहिल्यांदा ओरडले होते. बाया चपापल्या. मामाजी दोन पावलं मागं गेले, मग चार, आणि तिथून त्यांनीच दम द्यायला सुरुवात केली, "तिकडे व्हा नं बाप्पा! पोरगी सांगून राहिली, आयकू येत नाही का?"

स्टेपनी थांबली. मी दांडा ओढत राहिले. तळव्याचे फोड फुटले. जीप इंचभर हलली, मग वीतभर, आणि पुढची चाकं कडक मातीवर चढली. मी तार सैल करून सोडवली, पट्टा बाजूला फेकला, आत बसले, चारही चाकांना जोर देणारा गिअर टाकला आणि हळू, अगदी हळू क्लच सोडला. मागची चाकं चटयांवर करकरली. जीप वर आली. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो सुनेला शोभणारा नव्हता.

बाया पट्टा गुंडाळत होत्या आणि मामाजी गुडघ्यापर्यंत चिखलात उतरून स्टेपनी उपसत होते, तेवढ्यात धडधडत सुशीलचा ट्रॅक्टर आला.

"काका, कुठं हाय फसलेली गाडी?"

"कोणती गाडी गा?" मामाजींनी स्टेपनी जीपमध्ये ढकलली.

"तुम्हीच तं फोन केला ना."

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे काही पाहिलं नाही.

"मी तं रोवणी कुठवर आली म्हून इचारलं होतं. ट्रॅक्टर कोणी बोलावला तुले?"

सुशीलनं ट्रॅक्टर बंद केला. मामाजी पुढं येऊन माझ्या शेजारी बसले आणि चिखलाच्या हातानं दार लावून घेतलं.

"चाल वं दिपाली. मासे खोळंबले."